विंचवाच्या पेशंटला नुसतं ‘दुखतंय का?’ विचारू नका

कोकणात पेंढा, सरपण किंवा चिऱ्यांचे ढीग उपसताना लाल विंचू डंख मारतो. आधी विंचू ‘उतरवून’ मग आरोग्य केंद्रात आलेला माणूस सांगतो, ‘ठणका गेला, सिस्टर.’ श्रेय मंत्राला मिळतं आणि घात इथेच होतो.

या विंचवाचं विष चेतातंतूंवरची सोडियमची दारं वेळेवर मिटू देत नाही. चेतातंतू पेटलेलेच राहतात, ॲड्रेनलिन-नॉरॲड्रेनलिनचा लोंढा रक्तात उतरतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी साचू लागतं. असह्य ठणका आहे पण बाकी काहीच नाही, तर धोका सहसा कमी. ठणका मामुली, पण उलटी, दरदरून घाम आणि हातपाय गार, तर धोका मोठा.

म्हणून ‘दुखतंय का?’चं ‘नाही’ हे उत्तर फसवं असतं. ‘काका, डंख बसल्यापासून काय काय झालं, पहिल्यापासून सांगा,’ असं विचारावं आणि मध्ये न तोडता ऐकावं. ‘अंगात कसंतरी होतंय’ म्हणाले, तर ‘कसंतरी म्हणजे? घाम, मळमळ, की दम लागतोय?’ असं खोदावं. बोलताना हात हातात घ्यावा; धीरही मिळतो आणि गारठाही कळतो. पुरुषांमध्ये लिंग ताठरणं हे सुरुवातीचं लक्षण असतं. सुनेसमोर ते कोण सांगणार? नातेवाइकांना पडद्याबाहेर पाठवून सरळ शब्दांत विचारावं.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी या दंशावर प्राझोसिन हे औषध रुजवलं. डॉक्टर ते किलोमागे ३० मायक्रोग्रॅम देतात, आणि हातपाय गरम होईपर्यंत दर ३ तासांनी पुन्हा. आवळलेल्या रक्तवाहिन्या त्याने सैल होतात. पण पहिल्या डोसनंतर उठून बसलं तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. पेशंट लहान पोर असेल, तर ते रडलं की आई उचलून कडेवर घेते, तेही धोक्याचं.

इथे ‘उठायचं नाही, समजलं ना?’ला ‘हो’ मिळतं आणि दहा मिनिटांत पेशंट संडासाकडे निघतो. कारण सांगावं: ‘गोळीने रक्तदाब उतरेल, उठलात तर चक्कर येऊन पडाल.’ मग विचारावं, ‘लघवीला लागली तर काय कराल?’ ‘भांडं मागेन’ असं त्यांच्या तोंडून आलं, तर सूचना पोचली. ‘हळूच जाऊन येईन’ म्हणाले, तर पुन्हा सांगावं, या वेळी सोबतच्या माणसालाही. आईला विचारावं, ‘बाळ रडलं तर?’ ‘शेजारी आडवी होऊन थोपटेन’ हे बरोबर उत्तर.