लिंफोमा (लसीका ग्रंथींचा कर्करोग)

लसीका पेशी या पांढऱ्या रक्तपेशींपासून उद्भवणाऱ्या कर्करोगांच्या गटास लिंफोमा म्हणतात. या पेशी लसीका ग्रंथींबरोबरच प्लीहा, अस्थिमज्जा, टॉन्सिल व आतड्यातही असल्याने हा रोग शरीरात जवळजवळ कोठेही सुरू होऊ शकतो.

लंडनच्या गायज रुग्णालयातील टॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये वर्णिलेला आणि पुढे त्यांच्याच नावाने ओळखला गेलेला प्रकार सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या रीड-स्टर्नबर्ग या मोठ्या पेशींवरून ओळखतात. उरलेल्या सर्वांना ‘नॉन-हॉजकिन’ म्हणतात. हे नाव रोग काय नाही एवढेच सांगते. त्याखाली वर्षानुवर्षे उपचारांविना नुसत्या देखरेखीखाली ठेवता येणारा फॉलिक्युलर लिंफोमाही येतो आणि झपाट्याने वाढणारा बर्किट लिंफोमाही.

मान, काख किंवा जांघेत न दुखणारी, रबरासारखी लागणारी गाठ हे नेहमीचे पहिले लक्षण होय. ३८ अंश सेल्सिअसच्या वर जाणारा ताप, कपडे भिजवणारा रात्रीचा घाम आणि सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून अधिक वजन घटणे यांना ‘बी लक्षणे’ म्हणतात. मात्र ताप, घाम, रोडावणे आणि मानेतल्या गाठी हे सारे क्षयरोगातही आढळते. आपल्याकडे गंडमाळ (मानेतील ग्रंथींचा क्षय) पूर्वापार परिचयाची असल्यामुळे गाठीचा तुकडा न तपासताच क्षयाची औषधे सुरू होतात आणि त्यात महिने निघून जातात. तपासणीपूर्वी स्टेरॉइड दिल्यास गाठ तात्पुरती विरते व निदान अधिकच अवघड होते.

सुईने काढलेल्या नमुन्यात सुट्या पेशी दिसतात, ग्रंथीची रचना दिसत नाही. म्हणून शक्य तेथे संपूर्ण गाठ काढून तपासणे श्रेयस्कर ठरते. त्यानंतर पेशींवरील प्रथिनांच्या चाचण्यांवरून उपप्रकार आणि रोग शरीरात कोठवर पसरला हे दाखवणाऱ्या पेट-सीटी स्कॅनवरून रोगाचा टप्पा ठरतो. टप्पे चार असले तरी येथे चौथा टप्पा म्हणजे असाध्य रोग असे समीकरण नाही. हॉजकिन लिंफोमाचे त्या टप्प्यातील अनेक रुग्णही बरे होतात.

उपचार उपप्रकारावर अवलंबून असतात. हॉजकिन प्रकारात चार औषधांची ‘एबीव्हीडी’ ही रसायनोपचार (केमोथेरपी) पद्धती दीर्घकाळ प्रचलित असून काहींना किरणोपचारही देतात. बी पेशी या लसीका पेशींच्या एका प्रकारापासून होणाऱ्या अनेक लिंफोमांत रसायनोपचारांना रिटुक्सिमॅब या प्रतिपिंडाची जोड मिळते. अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळालेल्या या औषधाने त्यांच्या उपचारांचे चित्र पालटले. हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतूमुळे होणारा जठरातील एक संथ प्रकार तर बहुधा केवळ प्रतिजैविकांनीच ओसरतो. रोग उलटल्यास रुग्णाच्याच मूलपेशींचे प्रत्यारोपण करता येते. कार-टी उपचारात रुग्णाच्या टी पेशी (लसीका पेशींचा आणखी एक प्रकार) काढून, त्यांना कर्करोगाच्या पेशी ओळखता येतील असे जनुक जोडून पुन्हा शरीरात सोडतात. मुंबईची आयआयटी व टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्यातून घडलेल्या नेक्सकार-१९ या अशा पहिल्या भारतीय उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. इतर उपचारांना दाद न देणाऱ्या किंवा उलटलेल्या बी पेशींच्या रोगांसाठी तो वापरतात.