योजना बंद होत नाही, यादी लहान होते

१० मार्च २०२५ रोजी तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार राज्याचा अर्थसंकल्प मांडायला उभे राहिले, तेव्हा सगळ्यांचे कान एकाच आकड्याकडे लागले होते: २,१००. ‘लाडकी बहीण’चे दीड हजार एकवीसशे करू, असं वचन महायुतीने निवडणुकीत दिलं होतं. तो आकडा भाषणात आलाच नाही. आला तो ३६,००० कोटींचा. योजना जाहीर करताना, जून २०२४ मध्ये, वर्षाचा खर्च ४६,००० कोटी सांगितला होता. दहा हजार कोटी गेले कुठे, असं विरोधकांनी विचारलं. योजना बंद होणार नाही, असं सरकारने सांगितलं. बंद झालीही नाही.

महाराष्ट्रात एखादी कल्याणकारी योजना ‘आजपासून बंद’ म्हणून सभागृहात क्वचितच संपते. पात्रतेची अट घट्ट होते, हप्ता लांबतो, रक्कम वर्षानुवर्षं तिथेच राहते, कागद वाढतात. अर्थसंकल्पाच्या भाषणात यातलं काही ऐकू येत नाही, कारण हे सगळं शासन निर्णयात आणि तहसील कार्यालयात घडतं.

मागे जायचं तर रोजगार हमीपर्यंत जावं लागतं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला एक छोटा प्रयोग करून पाहिला: मागेल त्याला काम. पुढे १९७२चा दुष्काळ आला आणि खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांच्या रांगांनी या कल्पनेला राज्यभर नेलं. पैसा कुठून आणायचा, या प्रश्नाचं तेव्हाच्या सरकारने दिलेलं उत्तर आज ऐकायला अजब वाटेल. त्यांनी सरळ नवा कर लावला. १९७५चा व्यवसाय कर, शहरातल्या नोकरदारांकडून आणि व्यावसायिकांकडून घ्यायचा आणि गावातल्या मजुरावर खर्च करायचा. पगाराची चिठ्ठी काढून पाहा. दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये ‘पी.टी.’ म्हणून कापलेले दिसतील, ते याच कायद्याखाली. (फेब्रुवारीतले जादा शंभर वर्षाचे २,५०० भरण्यासाठी. राज्यघटनेने घालून दिलेली कमाल मर्यादा तेवढीच आहे.) १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला, तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. म्हणजे योजनेला स्वतःचा कर होता आणि कायद्याचा आधारही होता. काम मागणाऱ्याचा तो हक्क होता, कुणा भावाची ओवाळणी नव्हती.

तरी कात्री तिथेही लागली. १९८८ मध्ये किमान वेतन जवळपास दुप्पट झालं, तशी रोहयोची मजुरीही वाढली. त्यानंतर हजेरीपटावरची नावं मात्र घसरली. अर्थतज्ज्ञांनी पुढे आकडे तपासले, तेव्हा दिसलं ते असं की लोकांची कामाची गरज ओसरली नव्हती, कामंच पुरेशी निघत नव्हती. कायद्यातला एक शब्दही न बदलता खर्च आटोक्यात आला होता.

दुसरी वाट संजय गांधी निराधार अनुदान योजनेची. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८० मध्ये, ती सुरू झाली. विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर आजाराने खंगलेले, ज्यांच्यामागे कुणी नाही असे लोक तिच्यात येतात. मुळात हीच खरी गरजूंची योजना, आणि हिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष गेलं. महिना ६०० रुपयांवर ती कित्येक वर्षं अडकून होती. २०१९ मध्ये हजार झाले, २०२३ मध्ये दीड हजार. महागाई वाढत गेली आणि रक्कम जागची हलली नाही, हीसुद्धा कपातच. फक्त ती कुणाला जाहीर करावी लागत नाही.

तिची उत्पन्नाची अट तर एकदा नीट वाचण्यासारखी आहे. निराधारांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं, ही मर्यादा वर्षानुवर्षं चालत आली. महिन्याला १,७५० रुपये. एवढ्या पैशांत घर चालतं असा दाखला तहसीलदाराने द्यायचा, वर दरवर्षी हयातीचा दाखला म्हातारीने द्यायचा. ‘लाडकी बहीण’साठी हीच मर्यादा अडीच लाख आहे. एकाच राज्यात दीड हजारांच्या दोन योजना, आणि गरिबीची व्याख्या बारापटीने वेगळी.

सवलत उघडपणे मागे घेतल्याचं मोठं उदाहरण आठवायचं तर २००४-०५चं. सुशीलकुमार शिंदे यांनी विधानसभा निवडणुकीआधी शेतकऱ्यांना मोफत वीज जाहीर केली. निवडणूक जिंकली, विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले आणि २००५ मध्ये तिजोरीला झेपत नाही म्हणून ती सवलत काढून घेतली. टीका भरपूर झाली. पण निदान काय काढून घेतलं आणि का, हे लोकांना कळलं. गंमत म्हणजे साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांची मोफत वीज बरोबर वीस वर्षांनी परत आली, त्याच जून २०२४च्या अर्थसंकल्पात, ‘लाडकी बहीण’च्या जोडीने. १९९५च्या युती सरकारची रुपयातली झुणका-भाकर मधल्या काळात कधीच इतिहासजमा झाली होती. तिच्यानंतर २०२० मध्ये दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली: दोन चपात्या, भाजी, वरण, भात.

‘लाडकी बहीण’ मध्य प्रदेशच्या ‘लाडली बहना’वरून घेतलेली, आणि तिच्यामागे ना कर ना कायदा. शासन निर्णय आहे, तो दुसऱ्या शासन निर्णयाने बदलता येतो. आधी तो सैल होत गेला. पाच एकर जमिनीची अट निघाली, वय ६० वरून ६५ झालं, मुदत वाढली, अर्जामागे अंगणवाडी सेविकांना ५० रुपये ठरले. ऑगस्ट २०२४ मध्ये राखीपौर्णिमेच्या तोंडावर दोन हप्ते एकदम आले. नोव्हेंबरमध्ये महायुतीने विधानसभा एकतर्फी जिंकली. मग छाननी सुरू झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाच लाख महिला अपात्र ठरल्याचं सरकारने सांगितलं. कुणाकडे चारचाकी, कुणाचं वय ६५च्या पुढे. २ लाख ३० हजार तर निराधार योजनेतल्याच होत्या. जुलैत २६ लाखांहून अधिक खात्यांचे पैसे थांबवले, त्यांत १४ हजारांवर पुरुष निघाले. चुकीची नावं काढायलाच हवीत, याबद्दल वाद नाही. पण ती मतदानाआधी कुणाला दिसली नव्हती, हे पचायला जड जातं.

सरकारची अडचणही खोटी नाही. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच महसुलाचा निम्म्याहून जास्त भाग जातो, आणि २०२५-२६ची महसुली तूटच ४५,८९१ कोटींची मांडलेली. अशा वेळी ज्याला हात लावता येत नाही ते वगळून उरलेल्यातूनच भागवावं लागतं. मे २०२५ मध्ये हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकासचे ३३५ कोटी वळवले गेले. खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट भडकले. गरज नसेल तर खातंच बंद करा, असं म्हणून गेले. कर्नाटक आणि आंध्र प्रदेशात अनुसूचित जाती-जमातींच्या निधीसाठी २०१३ पासून स्वतंत्र कायदा आहे. आपल्याकडे तशा कायद्याची मागणीच चालू आहे.

२०२२च्या दिवाळीपासून शंभर रुपयांत मिळणारा ‘आनंदाचा शिधा’, म्हणजे रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल, २०२५च्या गणपतीत मिळाला नाही, दिवाळीतही नाही. शिवभोजन केंद्रचालक थकलेल्या बिलांसाठी खेटे घालत राहिले. रेशन दुकानासमोर पिशवी घेऊन उभी असलेली बाई आणि बँकेच्या एसएमएसची वाट पाहणारी बहीण, बहुतेक वेळा एकाच घरातली किंवा एकच.

सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. लाभार्थी महिलेच्या आधारसोबत पतीचं किंवा वडिलांचं आधार टाकायचं, त्या पुरुषाच्या मोबाइलवर येणारा ओटीपी भरायचा. नवरा वारलेला, वडीलही नाहीत, अशा बायकांनी काय करायचं, हे सुरुवातीला कुणाला सांगता येईना. नंतर मुदत १८ नोव्हेंबरवरून ३१ डिसेंबर झाली आणि अशा महिलांनी मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाची कागदपत्रं जमा करावीत, असं ठरलं.