मजकुराचे नकाशे काढणाऱ्या कंपन्या: पार्श्वभूमी

लाखो कागद संगणकाला वाचायला देऊन त्यांतील विषय पडद्यावर नकाशासारखे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअर कंपन्यांचा इतिहास बहुधा इंटरनेटपासून सांगितला जातो. त्याची मुळे मात्र शब्दसूचीच्या कामात आहेत. रोबेर्तो बुसा हे इटालियन जेझुइट पाद्री १९४९ मध्ये आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले आणि मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस यांच्या लॅटिन लेखनातील प्रत्येक शब्दाची सूची यंत्राच्या साहाय्याने करण्याचे ठरले. सुमारे एक कोटी शब्दांच्या या कामाला तीन दशके लागली. यंत्राला माहिती पुरवणाऱ्या पंचकार्डांना छिद्रे पाडण्याचे काम करणाऱ्यांत तरुण स्त्रियांचा मोठा वाटा होता आणि त्यांची नावे दीर्घकाळ कुठेही नोंदली गेली नाहीत, हा अन्याय या इतिहासात सांगितलाच पाहिजे.

ज्ञान गोळा करून लावण्यासाठी कंपनी काढण्याची कल्पना आपल्याकडे, नागपूरला, त्याआधीच परिचित होती. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी याच शहरात स्थापन केली. पुढे काम पुण्याला गेले आणि २३ खंड पूर्ण झाले.

खरी कलाटणी १९७२ मध्ये मिळाली. ब्रिटनच्या कॅरेन स्पार्क जोन्स यांनी दाखवून दिले की, जो शब्द संग्रहातील बहुतेक कागदांत येतो तो कागद ओळखण्यास फारसा उपयोगी नसतो, तर थोड्याच कागदांत येणारा शब्द मोलाचा असतो. उदाहरणार्थ, नागपूरच्या महसुली कागदांचा विचार केला, तर ‘गट क्रमांक’ जागोजागी सापडेल. ‘झुडपी जंगल’ ही खुरट्या झुडपांच्या जमिनीची नोंद मात्र मोजक्या प्रकरणांत येईल आणि ती प्रकरणे एकमेकांशी जोडून देईल. कॉर्नेल विद्यापीठात जेरार्ड सॉल्टन यांनी प्रत्येक कागद म्हणजे शब्दांच्या वजनांची एक संख्यामालिका, अशी मांडणी रूढ केली. त्यामुळे दोन कागदांमधील अंतर मोजता येऊ लागले आणि जे मोजता येते त्याचे चित्रही काढता येते.

ते चित्र १९९० च्या दशकात अमेरिकेच्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेत तयार झाले. गुप्तवार्ता विश्लेषकांपुढील कागदांचे ढीग आवाक्यात यावेत म्हणून तेथील संशोधकांनी ‘थीमस्केप’ घडवले. सारखे कागद जवळ ठेवायचे आणि जिथे एकाच विषयाची दाटी होईल तिथे डोंगर उभा करायचा, अशी त्याची रीत होती. या कामातून कार्टिया ही कंपनी निघाली आणि हे नकाशे पुढे पेटंटच्या शोधकामात रुळले. २००३ मध्ये कागदांतील विषय आपोआप शोधणारी एलडीए (लेटंट डिरिक्ले अ‍ॅलोकेशन) ही पद्धत प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी चौकशीतून खुल्या झालेल्या एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या लाखो ईमेलमुळे संशोधकांना अस्सल कार्यालयीन पत्रव्यवहारावर आपली साधने पारखता आली.

मराठी मजकुराची वाट मात्र अधिक खडतर आहे. देवनागरी १९९१ च्या पहिल्या युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक सांकेतिक रचनेत, होती, तरी अनेक वृत्तपत्रे आणि कार्यालये पुढेही बरीच वर्षे आपापल्या फॉन्टच्या स्वतंत्र सांकेतिक रचनेत मजकूर साठवत राहिली. तो वाचण्यासाठी आधी त्या त्या फॉन्टचा रूपांतरक लागतो. शिवाय मराठीत प्रत्यय शब्दालाच जोडले जातात: ‘जंगलातील’, ‘जंगलाखालील’, ‘जंगलाबाबत’. ही रूपे सोडवून मूळ ‘जंगल’ काढण्याची पायरी वगळली, तर एकाच जमिनीविषयीचे तीन अर्ज नकाशावर एकमेकांपासून दूर जाऊन पडू शकतात.