लिलिथ देवी नव्हतीच

फँटसी कादंबऱ्या, व्हिडिओ गेम, परदेशातल्या मुलींची नावं, सगळीकडे सध्या लिलिथ आहे. ती मेसोपोटेमियाची प्राचीन देवी आणि बायबलमधली आदामची पहिली बायको, असंही बिनधास्त सांगितलं जातं. बायबलात आदामची बायको एकच, हव्वा. लिलिथचं नाव येतं ते बायबलातल्याच ‘यशया’ या पुस्तकाच्या ३४व्या अध्यायात, एकदाच, ओसाड जागेतल्या जनावरांच्या रांगेत. पहिल्या बायकोची गोष्ट ‘बेन सिराची वर्णमाला’ या मध्ययुगीन ज्यू पुस्तकातली, आणि ते पुस्तक चांगलंच टवाळखोर!

पुरावा म्हणून फिरतो तो ब्रिटिश म्युझियममधल्या मातीच्या फलकाचा फोटो: पंखांची नग्न स्त्री, पायांना पक्ष्याचे पंजे, खाली सिंह, बाजूला घुबडं. म्युझियमच्या मते ती प्रेम आणि युद्धाची देवी इश्तार किंवा तिची बहीण, पाताळाची देवी एरेश्किगल असावी. मेसोपोटेमियात ‘लिलितु’ होती खरी, पण भुताखेतांत.