पार्श्वभूमी : खोटे पकडणारे यंत्र आणि ‘संमती’चा गुंता

बंदरावर डिझेलचे बॅरल गेले, जाळे गेले किंवा बागेतल्या शेडमधून पंप गेला, की चार दिवसांत कुणीतरी म्हणतेच, “सगळ्यांची लाय डिटेक्टर करा, आपोआप बाहेर येईल.” रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरापासून मालवणपर्यंत वकिली करताना हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की पोलीस ठाण्यात जाण्याआधीच लोकांनी तपासाची दिशा ठरवलेली असते. आधीच्या पिढीत याच जागी दुसरे वाक्य होते : “खरो असशीत तर देवळात चल.” देवळात जायला जो कचरला, तो गावाच्या नजरेत तिथेच चोर ठरे. आज चाचणीला जो नको म्हणतो, त्याच्याकडे लोक याच नजरेने पाहतात. पुढे जे लिहितो आहे ते मुख्यतः या ‘नको’बद्दल आहे.

आधी शब्दांचा घोळ निस्तरायला हवा. गावात आणि बातम्यांतही ‘नार्को’, ‘लाय डिटेक्टर’ आणि ‘ब्रेन मॅपिंग’ हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने फिरतात. नार्कोत शिरेतून औषध देऊन माणसाला अर्धवट गुंगीत बोलते करतात. ब्रेन मॅपिंगमध्ये डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूतले विद्युत बदल टिपतात. लाय डिटेक्टर म्हणजे पॉलिग्राफमध्ये माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. छाती-पोटाभोवती नळ्या, दंडाला रक्तदाबाचा पट्टा आणि बोटांना घाम मोजणारे चिमटे असतात, आणि त्याने फक्त हो किंवा नाही म्हणायचे असते. या शेवटच्या चाचणीला मराठीत ‘सत्यशोधन चाचणी’ म्हणण्याची रीत पडली आहे. ही रीत मला घातक वाटते, कारण नावातच निकाल दिलेला आहे. यंत्र सत्य शोधत नाही आणि असत्यही शोधत नाही. श्वास, नाडी, रक्तदाब आणि घाम यांत प्रश्नागणिक काय फरक पडला, एवढेच ते नोंदवते. त्या फरकाला खोटेपणा म्हणायचे की नाही, हे समोर बसलेला परीक्षक ठरवतो.

तो कसे ठरवतो हे फार थोड्यांना माहीत असते. मुख्य प्रश्न असतो, “बोटीवरचे डिझेल तू काढलेस का?” त्याच्या आजूबाजूला मुद्दाम एक मोघम प्रश्न पेरतात, “आयुष्यात कधी कुणाची वस्तू न विचारता घेतली आहेस का?” याचे प्रामाणिक उत्तर जवळजवळ प्रत्येकाचे ‘हो’ असते, पण पोलिसांपुढे बसलेला माणूस ‘नाही’ म्हणेल आणि अस्वस्थ होईल, असे गृहीत धरलेले असते. निर्दोष माणूस या मोघम प्रश्नाला जास्त घाबरेल आणि गुन्हेगार मुख्य प्रश्नाला, असा सगळा हिशेब आहे. प्रश्न आधीच वाचून दाखवतात आणि फेऱ्या पुन्हा पुन्हा घेतात. हिशेब कुठे फसतो ते सांगायला मानसशास्त्र लागत नाही. चोरीचा आळ आलेला गरीब खलाशी कुठल्या प्रश्नाला जास्त घाबरेल? ज्याने नोकरी जाणार आहे, त्याच प्रश्नाला. उलट ज्याला सवय आहे, तो जीभ चावून, पायाची बोटे दाबून किंवा मनात उलटे आकडे मोजून मोघम प्रश्नावरचा आलेख फुगवू शकतो. अमेरिकेत शत्रूला गुपिते विकणारा एक गुप्तचर अधिकारी १९८६ आणि १९९१ अशा दोन वेळा या चाचणीतून सुखरूप सुटला होता. तो पकडला गेला १९९४ मध्ये.

भीती मोजून खरे-खोटे ठरवण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. धर्मशास्त्रात आरोपीचे खरे-खोटे पाहण्यासाठी ‘दिव्य’ नावाच्या परीक्षा सांगितल्या आहेत; त्यांपैकी तंडुल दिव्य चोरीच्या आरोपासाठी होते. आरोपीला तांदूळ चावून पानावर थुंकायला लावत. थुंकीत रक्त दिसले, टाळू सोलवटले किंवा अंग कापले तर तो अशुद्ध. घाबरलेल्याचे तोंड कोरडे पडते हे त्या काळच्या लोकांनी नेमके हेरले होते, आणि निर्दोषाचेही तोंड कोरडे पडते याला त्यांच्याकडेही उत्तर नव्हते. मराठेशाहीतल्या वतनाच्या तंट्यांत रवा दिव्य होते : कढत तेला-तुपातून धातूचा तुकडा काढायचा, हात पिशवीत बांधून त्यावर मोहोर करायची आणि काही दिवसांनी पाहायचे. कोकणात बेलभंडार उचलणे आणि ग्रामदैवताला कौल लावणे अजून चालते. पॉलिग्राफचे यंत्र मात्र विसाव्या शतकातले. १९२१ साली कॅलिफोर्नियातल्या एका पोलीस खात्यात श्वास आणि रक्तदाब एकत्र नोंदवणारे उपकरण वापरात आले, पुढे त्याला घामाची नोंद जोडली गेली. १९२३ मध्येच अमेरिकेतल्या एका न्यायालयाने अशा चाचणीचा पुरावा नाकारला, कारण शास्त्रज्ञांत तिला सर्वसाधारण मान्यता नव्हती. २००३ साली तिथल्या शास्त्रज्ञांच्या समितीने एक गणित मांडले. दहा हजार कर्मचाऱ्यांत दहा हेर आहेत आणि दहापैकी आठ सापडावेत इतकी चाचणी कडक ठेवली, तर त्या आठांबरोबर सुमारे सोळाशे निर्दोष माणसेही हेर ठरतील.

आता आपल्याकडचा खरा वाद. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींपुढे तेव्हाच्या मुंबई राज्याचे एक प्रकरण होते. घटनेच्या कलम २० (३) नुसार कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. पण बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे, असे तेव्हा ठरले. ठसा हा अंगाचा भाग आहे. डोक्यात काय आहे ते तो सांगत नाही. चाळीस वर्षांनी प्रश्न आला की घाम आणि नाडी यांचे काय? ती ठशासारखी, की जबाबासारखी? मुंबई उच्च न्यायालयाने २००४ मध्ये तपास यंत्रणेच्या बाजूने कौल दिला. संमती नसली तरी चाचण्या करता येतील, आणि हे कथन सक्तीने घेतले की नाही तो प्रश्न ते पुरावा म्हणून मांडले जाईल तेव्हा बघू, असे त्याचे सार. पुढची काही वर्षे राज्यात नार्कोच्या चित्रफिती दूरचित्रवाणीवर दिसत होत्या. २००८ मध्ये पुण्यातल्या एका खुनाच्या खटल्यात सत्र न्यायालयाने दोषी ठरवताना ब्रेन मॅपिंगच्या अहवालाचाही आधार घेतला. त्याच वर्षी आमच्या तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात कारकुनापासून चहावाल्यापर्यंत सगळे म्हणत होते, आता खोटे बोलायची सोय उरली नाही.

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी हे चित्र उलटवले. तिन्ही चाचण्या सक्तीने करता येणार नाहीत. माणूस तोंडाने गप्प राहिला तरी आलेखातून त्याच्या मनातली माहितीच बाहेर काढली जाते, म्हणून ती ठशासारखी नाही, जबाबासारखी आहे. गप्प बसायचे की बोलायचे ही निवड माणसाची, आणि मनाचा खासगीपणा घटनेच्या कलम २१ खाली येतो. संमती द्यायची तर ती न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नोंदवायची, वकील उपलब्ध हवा, आणि शारीरिक, मानसिक व कायदेशीर परिणाम आधी समजावून सांगायचे. ही पथ्ये २००० साली पॉलिग्राफसाठी आखली गेली होती. न्यायालयाने ती सक्तीची केली आणि तशीच पथ्ये उरलेल्या दोन चाचण्यांसाठीही आखायला सांगितले.

गाठ त्याच्या पुढच्या वाक्यात आहे. संमतीने केलेल्या चाचणीचा निकालही पुरावा म्हणून चालणार नाही, कारण चाचणी चालू असताना उत्तरांवर माणसाचा जाणीवपूर्वक ताबा नसतो. पण त्या चाचणीच्या मदतीने नंतर एखादी वस्तू किंवा माहिती सापडली, तर ती तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम २७ खाली चालेल. आलेखाला किंमत नाही, पण आलेखावरून पोचलेल्या विहिरीतल्या पंपाला आहे. हे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आले आहे. तपास अधिकारी संमतीच्या मागे लागतात ते या वाटेसाठीच, आणि माझ्या मते निकालाने दरवाजा लावून खिडकी उघडी ठेवली ती इथेच. ज्या चाचणीत माणसाचा स्वतःवर ताबा नसतो असे न्यायालय स्वतः म्हणते, तिला आधी दिलेला होकार पुढचे सगळे कसे पावन करतो, हे मला आजवर उमगलेले नाही.

किनाऱ्यावर ही संमती कशी घेतली जाते ते पाहिले आहे. पावसाळी बंदी ३१ जुलैला संपते आणि बोटींवर खलाशी येतात. त्यांत नेपाळी आणि कर्नाटकातले बरेच. मालकाकडून उचल घेतलेली असते. चोरीचा संशय आला की फौजदार विचारण्याआधी मालकच विचारतो, “तू केलं नाहीस ना, मग चाचणीला काय अडचण?” कोठडीतला माणूस दंडाधिकाऱ्यापुढे उभा राहतो तेव्हा मराठीतला अर्ज कुणीतरी हिंदीत भराभर सांगते आणि तो मान हलवतो. विधी सेवेचा वकील त्याला पाच मिनिटांपूर्वी भेटलेला असतो. चाचणीसाठी सावंतवाडीहून मुंबईला न्यायचे तर पाचशे किलोमीटरच्या आसपास रात्रभर गाडीत, आणि माणूस विश्रांती घेतलेला असावा ही तर पॉलिग्राफची पहिली अट. प्रश्नांच्या भाषेचेही तेच. ‘घेतलेस का’ आणि ‘चोरलेस का’ यांत ज्याला फरक कळतो त्याची नाडी वेगळी चालेल, ज्याला कळत नाही त्याची वेगळी.

नंतरच्या घडामोडी या संमतीभोवतीच फिरतात. २०२२ च्या अखेरीस वसईशी धागे असलेल्या दिल्लीतल्या खून प्रकरणात संशयिताच्या होकाराने पॉलिग्राफ आणि नार्को दोन्ही झाले, आणि वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत घराघरांत त्याचीच चर्चा होती. २०२४ मध्ये कोलकात्याच्या रुग्णालयातल्या डॉक्टर तरुणीवरील बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणात आरोपीने नार्कोला नकार दिला आणि न्यायालयाने तपास यंत्रणेचा अर्ज फेटाळला. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाटणा उच्च न्यायालयाचा एक आदेश रद्द केला. जामिनाच्या सुनावणीत सर्व आरोपींची नार्को करू असे पोलिसांनी सांगितले होते, आणि ते मान्य झाले होते. त्याच निकालात असेही म्हटले आहे की आरोपीने स्वतः मागितली म्हणून चाचणी मिळालीच पाहिजे, असा हक्क नाही.

नकार दिला म्हणून कुणाला दोषी धरता येत नाही. हे वाक्य मी अशिलांना आणि त्यांच्या घरच्यांना अर्ज पुढे येण्याआधी सांगतो, शक्य असेल तर त्यांच्या भाषेत, आणि मालकाला बाहेर थांबवून.