एफडीएची मान्यता औषधाला असते, सुई धरणाऱ्या हाताला नाही

'सुरकुत्यांवरच्या बोटॉक्स इंजेक्शनला अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाची, मान्यता आहे, मग कुठेही टोचून घ्या, काही होत नाही.' हा समज इतकी वर्षं फिरतोय की एव्हाना त्याच्याच कपाळावर आठ्या पडायला हव्या होत्या.

मान्यता मिळते ती औषधाला, तीही ठरावीक कामापुरती. १९८९ साली बोटॉक्सला परवानगी मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी. भुवयांमधल्या आठ्यांसाठीची परवानगी २००२ची. शेवटी हे जिवाणूपासून मिळणारं विषच आहे. ते टोचल्या जागेपासून दूर पसरलं, तर गिळायला आणि श्वास घ्यायला त्रास होऊ शकतो, असा ठळक चौकटीतला इशारा औषधाच्या माहितीपत्रकावर छापणं एफडीएने २००९ साली सक्तीचं केलं. सुई कोणी धरायची, हे मात्र अमेरिकेतल्या त्या त्या राज्याचे नियम आणि परवाना मंडळं ठरवतात.

खरं औषध आणि परवाना असलेला हात ही साखळी तुटली की काय होतं, ते एप्रिल २०२४मध्ये दिसलं. ११ राज्यांतल्या २२ जणींना त्रास झाला, त्यातल्या निम्म्या रुग्णालयात गेल्या. कुणी घरी टोचून घेतलं होतं, कुणी स्पामध्ये. काही ठिकाणी औषधच बनावट निघालं. एफडीएने नकली खोका ओळखायच्या खुणाही दिल्या: त्यावर १५० युनिट लिहिलेलं होतं, आणि खरी कंपनी त्या मापाची कुपी बनवतच नाही. घटकाच्या जागी 'ओनाबोट्युलिनमटॉक्सिनए' असायला हवं, तिथे नुसतंच 'बोट्युलिनम टॉक्सिन टाइप ए' होतं.

म्हणून टोचण्याआधी खोका मागा आणि परवानाही. विचारायला संकोच कसला? चेहरा आपला आहे.