पाच खुटे ठोकले म्हणून पाच बैल येत नाहीत

आमच्याकडं तालुक्याच्या क्लासमधून शिकून आलेलं जवळपास प्रत्येक पोट्टं एक गोष्ट पक्की धरून बसलेलं असते, की जावा या प्रोग्रामिंग भाषेत न्यू लिहून बैल नावाच्या क्लासचा (क्लास म्हणजे वस्तूचा नमुना) पाच जागांचा अ‍ॅरे, म्हणजे ओळीनं जागांची यादी, केला की पाच ऑब्जेक्ट, म्हणजे पाच खरे बैल, तयार होतात. नाही होत बाप्पा! फक्त पाच जागा होतात, प्रत्येकीत नल, म्हणजे काहीच नाही, ऑब्जेक्ट घडवणारा कन्स्ट्रक्टर एकदाही चालत नाही. गोठ्यात खुटे ठोकले, बैल अजून बाजारातच हायेत, अन् तुम्ही पहिल्या खुट्यावरच्या बैलाचं नाव विचारलं की प्रोग्राम नल पॉइंटर एक्सेप्शन ही एरर देऊन तिथंच पडते.

हे येते कुठून, तर सी प्लस प्लस या दुसऱ्या भाषेतून, तिथं साधा अ‍ॅरे डिक्लेअर केला की डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर खरंच पाच वेळा चालते. अन् जावात इंटचा, म्हणजे पूर्णांकांचा, अ‍ॅरे शून्यानं भरून येते, म्हणून अजूनच खात्री वाटते.

मंग लूप, म्हणजे तेच काम फिरून फिरून करणारा कोड, लावा, ० ते ४, प्रत्येक इंडेक्सवर, म्हणजे जागेच्या नंबरावर, वेगळा न्यू. फॉर-ईच, म्हणजे इंडेक्स न घेता फिरणाऱ्या लूपमध्ये नका करू, तिथं नुसतं लूपचं व्हेरिएबल बदलते, अ‍ॅरे तसाच राहते. सगळ्या जागा एकाच गोष्टीनं भरणाऱ्या अ‍ॅरेज डॉट फिलला एकच न्यू दिला तर पाचही खुट्यांची दावी एकाच बैलाच्या गळ्यात, एकाचं वय ४ केलं की पाचहींचं ४! काल एका पोरीचा दीड तास यातच गेला, जीव कळवळला माहा. जावा १५ पासून, म्हणजे २०२० पासून, एररमध्ये नेमकं काय नल होतं ते आपोआप लिहून येते, ती ओळ पूर्ण वाचा, लाल अक्षर पाहून खिडकी बंद नका करू.